सोळा रेषा

वीस वस्तूंपैकी अण्णांना तीनच वस्तूंची नावं सांगता आली. कंगवा, चमचा आणि, का कोण जाणे, सेफ्टी पिन. किल्ली नाही, पेन्सिल नाही, घड्याळ नाही. बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस, मनगटावर नजर टाकल्याशिवाय कधी डबल बेल दिली नाही, आणि स्पीच थेरपीच्या मॅडमनी घड्याळ समोर धरल्यावर म्हणाला, "आता काय."

तेव्हा अण्णा आपणहून एवढंच बोलायचे. "आता काय." भूक लागली की "आता काय", नातू खांद्यावर चढला की "आता काय", लाइट गेली की "आता काय". चाल मात्र प्रत्येक वेळी वेगळी. आई दोन आठवड्यांत त्या चाली ओळखायला शिकली. मला जास्त दिवस लागले.

2023 च्या भाऊबीजेच्या आदल्या दिवशी अण्णांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला आणि बोलणं गेलं. ह्या बोलणं जाण्याला वाचाघात म्हणतात. दवाखान्यात सगळे अफेझिया म्हणायचे, गल्लीत "वाचा गेली" म्हणायचे. वाचा गेली म्हणजे बुद्धीही गेली असं बऱ्याच जणांनी परस्पर धरून टाकलं. भेटायला येणारे अण्णांशी ओरडून बोलायचे, जणू कान गेलेत, आणि नंतर त्यांच्या उशाशीच उभं राहून आईला विचारायचे, "ओळखतात का हो?" अण्णा तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. ओळखतात की नाही याचं याहून स्पष्ट उत्तर काय द्यायचं?

तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत, आम्ही स्पीच थेरपी सुरू केली. मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिले दोन दिवस परीक्षाच होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते, मार्क देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे माझं लक्ष अण्णांइतकंच मॅडमच्या तक्त्यावर. वेस्टर्न अफेझिया बॅटरी नावाची ती चाचणी. नावं सांगायच्या भागाला वीस वस्तू, साठ मार्क. बरोबर सांगितलं तर तीन, शब्द ओळखू येईल इतपत बिघडला तर दोन, आणि पहिलं अक्षर सुचवून आलं तर एक.

कुलूप आलं तेव्हा अण्णांनी डाव्या हातानं हवेत किल्ली फिरवली, जिभेनं टक् असा आवाज काढला, वर ओढून बघितलं की नीट लागलंय ना. शब्द काही आला नाही. मॅडम म्हणाल्या, "कु..." आणि अण्णा एकदम, "कुलूप!" एक मार्क. किल्ली फिरवल्याचा मार्क नाही, ओढून बघितल्याचा तर नाहीच. माझ्यातली मास्तरीण उसळली. मी म्हटलं, "मॅडम, त्यांना कुलूप माहीत आहे, हे दिसतंय की."

"दिसतंय ना," त्या म्हणाल्या. "पण ही चाचणी भाषेची आहे ताई. भाषा किती तुटलीय आणि नेमकी कुठं तुटलीय, हे मला ह्यातनं कळतं. काका घरी कसं निभावतात ते हिच्यात नाही कळत. त्याचा वेगळा पेपर आहे, आणि तो काकांनी सोडवायचा नाही. तुम्ही."

तो वेगळा पेपर म्हणजे सोळा रेषा.

इंग्रजी फॉर्मची झेरॉक्स होती आणि त्याच्या समासात मॅडमनी निळ्या पेनानं मराठी लिहिलेलं. मूळ फॉर्म कॅनडातला, 1989 सालचा. जोनाथन लोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. मला आवडलं ते असं की प्रश्न काय असावेत हे डॉक्टरांनी एकट्यानं ठरवलं नाही, झटका आलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारलं, तुमचं रोज कुठं कुठं अडतं? त्यातून सोळा प्रसंग निघाले. प्रत्येकाखाली दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला "अजिबात जमत नाही", उजव्या टोकाला "आजारपणाच्या आधी जमायचं तितकंच". मधे जिथं वाटेल तिथं खूण करायची, नंतर मॅडम पट्टी लावून मिलिमीटर मोजणार.

कुणाचं तरी लक्ष वेधून घेणं. हो-नाही नीट सांगणं. कुठं दुखतंखुपतं ते सांगणं. समोरच्या माणसाचं नाव घेणं. लिहिलेलं कळणं. अनोळखी माणसाशी बोलणं. चारचौघं भराभर बोलत असताना त्यात भाग घेणं. एखादी गोष्ट खोलात जाऊन सांगणं. इंग्रजीत एके ठिकाणी शेजारी कॉफीला आल्यावरच्या गप्पा असं होतं, त्याचं मॅडमनी "कट्ट्यावरचं बसणं" करून टाकलं होतं. अण्णांचा कट्टा म्हणजे स्टँडच्या मागचं चहाचं दुकान. तिथं ते तीन महिन्यांत गेलेच नव्हते. तिथं रेषेवर काय करायचं? मॅडम म्हणाल्या, गेलेच नाहीत हेही लिहा.

एक फॉर्म आईला, एक मला. एकमेकींचा बघायचा नाही.

आईनं पाच मिनिटांत संपवला. बँकेची स्लिप भरावी तसा. मी पाऊण तास बसले. नंतर मॅडमनी दोघींच्या खुणा एकाच कागदावर उतरवल्या, आईच्या लाल, माझ्या निळ्या, आणि मी बघतच राहिले. "दुखतंखुपतं ते सांगणं": माझी खूण वीस मिलिमीटरवर, आईची ऐंशीवर. मी म्हटलं, "आई, ते काय सांगतात गं? तूच सगळं ओळखतेस." आई म्हणाली, "मग? त्यांनी सांगितल्याबिगर मला कळंल का?"

आणखीही होतं. समोरच्याचं नाव घेणं, इथं मी पाच मिलिमीटर दिले. आईनं जवळजवळ पुरे शंभर. मला वाटलं, तिला प्रश्नच कळला नाही. आई फणकारली, "आजाराच्या आधी इतकंच जमायचं असं लिवलंय नं तिथं? लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, माझ्या एका बहिणीचं नाव त्यांनी कधी बरोबर घेतलं नाही." मॅडम टेबलावर डोकं टेकून हसल्या. अण्णाही हसले. आईचं वाक्य त्यांना पुरं कळलं होतं, आणि त्या हसण्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता. नियमानं बघितलं तर आईचंच बरोबर. रेषेचं उजवं टोक म्हणजे जगातला उत्तम वक्ता नव्हे, आमचे अण्णाच, ऑक्टोबरमधले.

आता माझ्या फजितीकडे येते.

"हो-नाही नीट सांगणं" इथं मी नव्वद मिलिमीटर दिले होते. आईनंही तेवढेच. उजव्या टोकाकडे दोघींचं एकमत झालेली ती एकच रेषा, आणि तीच साफ चुकलेली. कारण आम्ही विचारायचो, अण्णा, चहा घेणार? "हो." पंखा लावू? "हो." गोळी घेतली? "हो." कुणाला शंका येणार? मॅडमनी त्यांच्या चाचणीतले प्रश्न घेतले. हे हॉटेल आहे का? "हो." तुम्ही पुण्याला राहता का? "हो." केळं सोलायच्या आधी खातात का? "हो," अगदी ठामपणे. घोडा कुत्र्यापेक्षा मोठा असतो का? "हो," आणि हे उत्तर बरोबर धरावं लागलं.

वीसात अकरा. वर्गात चूक-बरोबरच्या प्रश्नांना डोळे मिटून टिका मारणाऱ्या पोरालाही दहा पडतात.

मानेचं आणखी वेगळं. आपली मान "हो"लाही हलते आणि "नाही"लाही हलते, आणि "बरं, बघू"लाही. झटक्यानंतर अण्णांची मान सगळ्यालाच तशी हलायची. माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्याच कारणानं. जानेवारीत एकदा त्यांचं ब्लडप्रेशर फार वाढलं होतं. मी विचारलं होतं, गोळी घेतली? "हो" म्हणाले. संध्याकाळी पाकिटात त्या दिवसाची गोळी तशीच दिसली. मी त्यांच्यावर ओरडले होते. खोटं कशाला बोलता अण्णा, असं म्हटलं होतं मी.

मॅडमनी हिरवं आणि लाल कार्ड दिलं. अण्णांनी दोन्ही उचलून शर्टाच्या खिशात ठेवली, तिकिटं ठेवावीत तशी, आणि विषय संपवला. तोडगा आईनं काढला. म्हणाली, "त्यांना घंटी कळती." एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. आम्ही लहान असताना घरातही हेच चालायचं, जेवताना ताटावर बोटानं एक टकटक म्हणजे भाजी पुरे, दोन म्हणजे वाढ. मॅडमनी तेच वीस प्रश्न आठवड्यानं परत घेतले, आणि सांगितलं, तोंडानं बोलायचं नाही, टेबलावर टकटक करायची. हॉटेल आहे का? टक. पुण्याला राहता का? टक. केळं सालीसकट? टक, आणि मॅडमकडे असा कटाक्ष, की पोरी तुझं बरंय ना.

वीसात सतरा. तीच भाषा, तोच मेंदू, आठ दिवसांत काही बरं झालं नव्हतं.

मॅडमनी त्या दिवशी ऑड्री हॉलंड नावाच्या अमेरिकन बाईंबद्दल सांगितलं. त्यांचं म्हणणं असं होतं की अफेझिया झालेली माणसं बोलतात त्यापेक्षा संवाद चांगला साधतात, मग आपण फक्त बोलणंच का मोजतो? 1980 मध्ये त्यांनी एक चाचणी काढली. तिच्यात डॉक्टरकडे जाणं, दुकानात काही घेणं, फोन करणं असले प्रसंग उभे करतात आणि उत्तर तोंडानं आलं, खुणेनं आलं की लिहून आलं हे बघत नाहीत. पोचलं का, एवढंच. पोचलं तर दोन, अर्धवट पोचलं तर एक, नाहीच तर शून्य. मी म्हटलं, म्हणजे आमच्या कुलपाला दोन मार्क. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ते कुलूप विसरणार नाही वाटतं."

विसरले नाहीच. ह्या आजाराच्या इतिहासातला पहिला गाजलेला रुग्णही असाच होता म्हणे. पॅरिसमधला लेबोर्न, ब्रोका नावाच्या डॉक्टरनं 1861 मध्ये तपासलेला. "तां" एवढंच बोलायचा, पण हातवारे करून बरंच काही सांगायचा, आणि फार चिडला की शिवी मात्र अख्खी यायची. हे ऐकून आई हळूच म्हणाली, "शिवी आमच्याकडं पण येती."

शिव्या येतात, आकडे एक ते वीस येतात, अथर्वशीर्षाची सुरुवात येते. तोंडात बसलेलं असतं ते वेगळ्या वाटेनं बाहेर पडतं. अण्णांचं सगळ्यात पक्कं बसलेलं काय असेल, तर थांबे. मॅडमनी "कराड" म्हटलं की अण्णा सुरू, "कराड, उंब्रज, काशीळ, अतीत, नागठाणे, सातारा." एकही अक्षर न अडखळता. काशीळनंतर काय, असं मधूनच विचारलं की गप्प. परत कराडपासून निघावं लागायचं. मी मॅडमना विचारलं, ह्याला काही अर्थ आहे का? त्या म्हणाल्या, सध्या हे नुसतं पाठांतर आहे. त्यातून हवं तिथं उतरता आलं तर अर्थ.

त्यांनी "उतरता आलं" हा शब्द सहजच वापरला असणार.

उन्हाळ्यात त्यांनी मला एक काम दिलं: अण्णांबरोबर बाहेर जायचं, चार हात मागं राहायचं, आणि तोंड उघडायचं नाही. घरी येऊन वहीत लिहायचं, कुणी काय विचारलं, अण्णांनी काय केलं, पोचलं का. माझ्यासारख्या बाईला तोंड बंद ठेवणं ही खरी परीक्षा. पहिल्या दिवशी मेथीवालीनं "किती देऊ?" विचारलं आणि अण्णांनी बोटं वर करायच्या आत मी "दोन जुड्या" म्हणून मोकळी. वहीत लिहिलं: पोचलं, पण माझ्या तोंडातून. मग मागं जाऊन फॉर्मच्या निळ्या खुणा आठवल्या. मी ज्यांना वीस-तीस मिलिमीटर दिले होते त्यातल्या निम्म्या गोष्टी मी त्यांना करूच देत नव्हते.

वहीत सगळंच चांगलं नाही. न्हाव्याकडे कुणी अण्णांना प्यायलेलं समजलं. औषधाच्या दुकानात मुलानं त्यांच्या हातातली चिठ्ठी बघायच्या आधीच माझ्याकडे बघून विचारलं. आकड्यांचा घोळ तर फार, पन्नास म्हणायचं असेल तर तोंडातून पंधरा येतं आणि आलेलं ऐकून ते स्वतःवरच चिडतात. दमले की घंटीसुद्धा बिघडते, दोनाची तीन होते. संध्याकाळी सहानंतर त्यांना काही विचारू नये असं मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

2024 च्या भाऊबीजेला अण्णांना अतीतला जायचं होतं, आत्याकडे. आदल्या वर्षी तिनं ओवाळणीचं ताट वाढून ठेवलं होतं आणि अण्णा आयसीयूत होते. मी म्हटलं, रिक्षा करू. टक. भाऊजींची गाडी बोलावू? टक. निवृत्तांचा पास त्यांनी कपाटातून काढला, माझ्यासमोर धरला आणि परत कपाटात ठेवला. पास दाखवला की बोलावं लागत नाही. त्यांना बोलायचं होतं.

भाऊबीजेची एस.टी. म्हणजे काय, हे ज्यानं त्यातून प्रवास केलाय त्यालाच माहीत. गाडीभर बायका, पिशव्या, पोरं, आणि सगळ्या बायका हाफ तिकीट, मीसुद्धा. अण्णांना ज्येष्ठांच्या सीटवर जागा मिळाली. मी दोन सीट मागं, बांगड्यांच्या गर्दीत दांडी धरून उभी. कंडक्टर पोरगा पंचविशीचा, गळ्यात मशीन.

"कुठं, आजोबा?"

अण्णांनी तोंड उघडलं. "आता काय."

"कुठं जायचंय?" पोरगा थोडा मोठ्यानं. मागून कुणीतरी म्हणालं, अहो पुढं सरका. मी जीभ दाताखाली धरली.

अण्णांनी डोळे मिटले. "कराड," ते म्हणाले. "उंब्रज. काशीळ. अतीत." आणि थांबले. थांबताना सीटच्या दांडीवर बोटानं एक टक. "नागठाणे" ओठांवर आलं होतं, मला दिसलं, ओठ मिटून त्यांनी ते आत ठेवलं.

"अतीत?" पोरानं विचारलं.

टक टक.

पोरानं बटण दाबलं आणि तिकीट फाडून पुढं केलं. अण्णांनी घेतलं नाही. कागद जवळ धरून आकडा बघितला, पोराच्या हातात परत दिला, आणि डाव्या हाताची कड आपल्याच उजव्या मनगटावर सुरीसारखी मारली. अर्धं. मग खिशातून आधार कार्ड, ते बाहेर काढताना ती हिरवी-लाल कार्डंही बाहेर आली आणि खाली पडली. शेजारच्या बाईंनी उचलून दिली. "हाफ" हा शब्द आलाच, पण पोरगा तिकीट बदलून पुढच्या सीटवर गेल्यानंतर. अण्णा तो नंतर तीनदा म्हणाले, खिडकीकडे बघून. हाफ. हाफ. हाफ.

वहीत मी लिहिलं: दोन मार्क. मग वाटलं, दुसऱ्या प्रयत्नात पोचलं. मग वाटलं, पहिल्या प्रयत्नात पोरानं तरी कुठं थांबून ऐकलं? मार्क कुणाचे कापायचे ते ठरेना, दोन तसेच ठेवले.

त्याच महिन्यात फॉर्म पुन्हा भरला. "अनोळखी माणसाशी बोलणं", फेब्रुवारीत माझे चार मिलिमीटर होते, आता सदतीस. आईनं पंचवीस दिले, ती बसमध्ये नव्हती. वस्तूंची नावं वीसात नऊ. घड्याळ आलं, "घ" सुचवल्यावर. आणि शेवटची सोळावी रेषा, एखादी गोष्ट खोलात जाऊन सांगणं, तिथं दोघींच्या खुणा अजून डाव्या टोकाला चिकटलेल्या, एकमेकींवर.

कारण त्या दिवशी आत्याकडे ओवाळून झालं, अण्णांनी ताटात नोट टाकली, आणि मग त्यांनी काहीतरी सांगायला घेतलं. अंगणाकडे बोट केलं. विहीर? टक. चिंच? टक. जुनं घर? थोडं थांबून टक टक, पण पुरतं पटलं नाही असं. मी कागद-पेन दिलं. डाव्या हातानं त्यांनी एक चौकोन काढला, खाली दोन गोल. गाडी? टक टक. एस.टी.? टक टक. तुमची गाडी? अण्णा, अपघाताचं काही? टक. आत्या म्हणाली, बाबा तुम्हाला सोडायला यायचे फाट्यावर, ते का? अण्णांचे डोळे भरून आले आणि बोटानं एक टक. तेही नाही. चौकोनात त्यांनी एक छोटी उभी रेघ काढली. माणूस? टक टक. कोण? "आता काय," म्हणाले, एकदम हळू, ही चाल मी आधी ऐकली नव्हती. आईनंही नाही.

वीस मिनिटं झाली. सहा वाजून गेले होते. घंटी बिघडायला लागली, तीन झाल्या, चार झाल्या. आत्यानं चहा आणला. अण्णांनी पेन टोपण लावून माझ्याकडे दिलं.

तो कागद आईनं गोळ्यांच्या डब्यात घडी करून ठेवलाय. कधीमधी काढून त्यांच्यासमोर धरते आणि एकेक नाव घेऊन बघते. अजून दोन टकटक आलेल्या नाहीत.